वाट आसा, पूण…

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात कुणालाही वाट विचारा, पहिलं उत्तर येतं, "वाट आसा." हे कधीच खोटं नसतं. वाट असतेच. ती सायकलची आहे, गुरांची आहे की पावसाच्या पाण्याची, हा तपशील "पूण", म्हणजे "पण", या शब्दानंतर येतो, आणि तोवर आम्ही पेडल मारून वळणाआड गेलेले असतो.

आम्ही म्हणजे ग्रॅव्हल बाईकवाले. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, जाड टायर, डिस्क ब्रेक. ही डांबरावरही पळते आणि कच्च्यावरही, असं विकताना सांगतात. घरच्यांना त्यातली फक्त किंमत ऐकू येते. "एवढ्यात स्कूटर आली असती," हे वाक्य आमच्या भिंतींनाही पाठ आहे. त्यात पहाटे दारावरून पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, जातो. मागे पोई आणि उंड्यांनी भरलेली भली मोठी पाटी, एक हात भोंग्यावर, रॉडचे ब्रेक, गियर शून्य. तो चढ चढतो. मला त्याच चढाला अकरा गियर लागतात आणि वर पोचल्यावर एक केळं.

खरी पंचाईत खडीपासूनच सुरू होते. ग्रॅव्हल म्हणजे दाबून बसवलेल्या बारीक खडीचा रस्ता. गोव्यात तशी खडी दिसते ती डांबर पडायच्या आदल्या दिवशी, रस्त्याकडेला, ढिगात. आमच्या वाट्याला येतो जांभा. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने 1807 साली मलबारातल्या या दगडाला लॅटराइट हे नाव दिलं, लॅटिनमधल्या 'वीट' या शब्दावरून. आपले चिरे. जमिनीतून कापताना मऊ, उघड्यावर राहिला की टणक. पावसात त्यातली बारीक माती वाहून जाते आणि लोहाचे वाटाण्याएवढे गोळे मागे उरतात. म्हणजे खाली कातळ, वर सांडलेले वाटाणे, आणि त्यावर वळणारे आपण.

अशा वळणावर ब्रेक दाबला की पुढचं चाक आपल्या परवानगीशिवाय वेगळ्या गावाला जातं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळणात बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, त्यावर वजन, हात हँडलच्या खालच्या पकडीत, आणि नजर जिथे जायचंय तिथे. नजर खड्ड्यावर ठेवली की सायकल आज्ञाधारकपणे खड्ड्यात जाते.

हवेचं गणित याहून नाजूक. सत्तर किलोच्या माणसाला 40 मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे 30 आणि मागे 33 पीएसआय पुरतात. पेट्रोल पंपावर मोटरसायकलच्या सवयीने "टाइट कर" म्हटलं की वाटाण्यांवर सायकल नाचायला लागते. उलट 25 च्या खाली गेलात तर सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावरच्या, चिऱ्याच्या कडेवर रिम आपटते, आणि तो आवाज खिशात ऐकू येतो. टायरमध्ये साठेक मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा पातळ चीक, हवं. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकून रबराची साय होतं. चाक काढून कानाशी हलवायचं. आत डुचमळलं नाही तर भरायचं. हे करताना शेजारी बघत असतील तर बघू द्यावेत, ते स्कूटरवालेच असतात.

पंक्चर झालंच तर खरी करमणूक. आपला व्हॉल्व प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा, पंक्चरवाल्याची नळी मोटरसायकलच्या व्हॉल्वची. "हिचं तोंड एवढं बारीक कित्याक?" या प्रश्नाला उत्तर नाही, पितळेचा अडॅप्टर आहे. शेंगदाण्याएवढा असतो, तो सायकलपाशीच राहू द्यावा. टोकाची बारीक घुंडी सैल करायची, वर अडॅप्टर फिरवून बसवायचा, हवा भरायची, अडॅप्टर काढायचा आणि घुंडी पुन्हा कसायची. ही शेवटची पायरी विसरली की पुढच्या चढावर टायर उसासा टाकतो.

टायर फाटला तर मात्र गोंधळ वाढतो. दुकानदार "अठ्ठावीस इंची" म्हणून जो टायर काढून देतो तो पोदेराच्या सायकलीचा, त्याची बैठक, म्हणजे रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, 635 मिलिमीटरची. आपली 622. आपल्यालाही काही लोक अठ्ठावीस इंचीच म्हणतात, त्यामुळे दोघेही खरं बोलत असतात. ट्यूब ओढूनताणून चालते. टायर तेरा मिलिमीटरनं ढिला, म्हणजे उतारावर तो एकटाच पुढे जाईल. म्हणून पिशवीत आपल्या मापाचा एक 700चा ट्यूब, भोकात खुपसायचे रबरी दोरे, चेनची जोडकडी आणि मागच्या डिरेलरचा हँगर, म्हणजे गियर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा, ठेवायचा. हा हँगर मऊ ॲल्युमिनियमचा, वाकण्यासाठीच जन्मलेला, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा. सत्तरीतल्या वाळपईत भजी मिळतील, चहा मिळेल, तुमचा हँगर मिळणार नाही.

आता नद्या. म्हादई कर्नाटकात खानापूर तालुक्यात उगवून सत्तरीत उतरते आणि पुढे मांडवी होते. उस्ते, सोनाळ या भागात पावसाळ्यात तिच्यावर राफ्टिंग चालतं. ज्या पाण्यावर लोक हेल्मेट घालून पैसे देऊन तरंगतात, त्याच्या काठची वाट जुलैत सायकलला योग्य आहे का, हा प्रश्न विचारावाच लागू नये. दिवस ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे. तरीही व्हाळ, म्हणजे ओढे, आडवे येतातच, आणि बंधाऱ्यांचा माथा शेवाळाने हिरवागार असतो. बघायला सुंदर. उतरून चालायचं, सायकल पाण्याच्या खालच्या अंगाला धरायची, म्हणजे प्रवाहाने ढकललीच तर ती आपल्या पायांवर येत नाही.

व्हाळ चालवत ओलांडायचा मोह होतोच, कारण पलीकडे कुणीतरी उभं असतं. आपल्या चाकाचा आस, म्हणजे हब, जमिनीपासून पस्तीसेक सेंटिमीटरवर. "हबपर्यंत पाणी चालतं" असं आमच्यातले शहाणे सांगतात. पण पेडलं ज्या आसावर फिरतात तो बॉटम ब्रॅकेट असतो सत्तावीसच्या आसपास, म्हणजे हब ओला व्हायच्या आधी तो बुडालेला असतो. त्याच्या बेअरिंगमध्ये गाळ गेला की पंधरा दिवसांनी जात्यावर दळण चालू असल्यासारखी घरघर सुरू होते, आणि आपण दोष सीटला देत बसतो. पोटरीच्या निम्म्यापर्यंत पाणी असेल तर चालवा. त्यावर खांद्यावर.

दक्षिण गोव्यातला मार्ग माझ्या मते अधिक देखणा: रिवणहून कुशावती नदीच्या काठाने आत, नेत्रावळी, मग वेर्ले, तुडव, साळजिणी अशी डोंगरात चढणारी गावं. वाटेत उसगाळीमळला नदीकाठच्या जांभ्यावर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेली चित्रं आहेत, बैल, हरणं, आणि एक वर्तुळांचा चक्रव्यूह. तज्ज्ञ त्याचे निरनिराळे अर्थ लावतात. इथे नकाशा बघत दोन तास फिरलेल्या सायकलवाल्याला एकच अर्थ लागतो.

कारण मोबाइलचा नकाशा या भागात भाबडा आहे. जुने खाणरस्ते तो छान पांढऱ्या रेषेत दाखवतो. 2012 साली खाणी थांबल्यावर त्यातले कित्येक रानाने गिळले; काही गेटपाशी संपतात, काही पाण्याने भरलेल्या खंदकाच्या काठाशी. नकाशा आधीच उतरवून घ्या, कारण डोंगराआड रेंज नसते, आणि रेंज असती तरी त्या नकाशाने काय दिवे लावले असते! अभयारण्यातल्या कच्च्या वाटांना वनखात्याची परवानगी लागते, ती आधी घ्यावी. गवा दिसला तर थांबावं, घंटी वाजवू नये, तो जाईपर्यंत उभं राहावं. गोव्याचा राज्यप्राणी आहे, रस्त्यावर त्याचा हक्क आपल्यापेक्षा जुना. आणि सत्तरीत गोचिडीमुळे पसरणारा माकडताप होऊन गेलेला आहे, तेव्हा घरी आल्यावर मोज्यांच्या कडा, गुडघ्यामागचा भाग नीट तपासून गोचीड नाही ना हे बघायचं.

चढासाठी पुढच्या चकतीला 40 आणि मागच्या चकतीला 42 दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल दोन मीटरच्या थोडी पुढे सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले की ताशी साडेसात किलोमीटर. या वेगात कुत्री नुसती धावत नाहीत, सोबत चालतात.

मार्चनंतर काजूचे डोंगर. वाटेवर पिकून पडलेले बोंडू चाकाखाली फुटतात. रस आणि लाल धूळ मिळून टायरच्या खाचांत असा लगदा बसतो की जाड टायर गुळगुळीत होतो. काडीने खरवडल्याशिवाय उतारावर जाऊ नये. हुराकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, मोसमही हाच. त्याबद्दल एवढंच, की 33 पीएसआयचा सल्ला हुराकानंतर लागू नाही.

घरी परतलं की शेवटचा घाट: कपडे. जांभ्याची धूळ म्हणजे निम्मा गंज. पांढरे मोजे एका फेरीत विटकरी होतात, आणि मशीनमध्ये टाकले तर घरातला प्रत्येकजण विटकरी होतो. ब्लीच अजिबात नको, डाग पक्का होतो. आधी गार पाण्यात धूळ झटकायची, मग परसातली बिंबलं, ही आंबट फळं, ठेचून तो रस डागावर चोळायचा. त्यातल्या ऑक्सॅलिक आम्लाने गंज सुटतो. आज्या याच बिंबलांनी समया घासत. चेनला मात्र बिंबलं लावू नका, मेण लावा. तेलात ही धूळ मिसळली की सँडपेपर होतो आणि मापपट्टीवर चेन 0.5 टक्के ताणली गेल्याचं दिसायला फार दिवस लागत नाहीत.

आणि वाट विचारायची झाली तर सायकलवरून उतरून विचारा. साळजिणीच्या अंगाला एखादे काका दारात सुपारी सोलत बसलेले असतात. "काका, खाली उतरायला वाट आहे?" "आसा." इथे पेडलला पाय लावायचा नाही. बाटली काढायची, दोन घोट प्यायचे, सुपारीच्या कुळागराकडे बघायचं. काका सुपारी सुपात टाकतात, आडकित्ता खाली ठेवतात, सायकलीकडे एकदा आणि टायरकडे एकदा बघतात.

"पूण…"