आमच्या बिल्डिंगचा प्लॅन पास झाला

काल दुपारी आर्किटेक्टचा मेसेज आला, प्लॅन पास. खाली पार्किंग, वर सात मजले, १६ जुन्या फ्लॅटच्या जागी २८ नवीन. तासाभरात गावच्या ग्रुपवर सुरू, ‘पैसे चारल्याशिवाय होतं का’, ‘बिचाऱ्यांना किती वर्षं लटकवलं’. म्हणून हे लिहायला बसलो. लटकवलं कोणी ते मला चांगलं माहितीये, पाच वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी मीच आहे. कागद पूर्ण गेल्यावर परवानगीला पन्नासेक दिवस लागले, कायद्यात ६० दिलेत. त्याआधीची सगळी वर्षं आमची, कोणी घेतली नाहीत, आम्हीच घालवली.

ज्यांनी बिल्डिंग बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. रत्नागिरीत १९९१ ला बांधलेली, तेव्हा कोकण रेल्वेचं काम नुकतं सुरू झालेलं आणि गावाकडे आपलं एक काहीतरी असावं म्हणून मुंबईकरांनी धडाधड फ्लॅट घेतलेले. आज १६ पैकी राहती घरं पाच. बाकीच्यांची कुलपं गंजून चावी फिरत नाही, तिसऱ्या मजल्यावर एका बाल्कनीत पिंपळ माझ्या उंचीचा झालाय, पावसाळ्यात जिना छत्री उघडून चढायचा. एकदा सकाळी आई भाकऱ्या थापत होती आणि छताचा पोपडा थेट परातीत, चांगला ताटाएवढा. तिने तो उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, पीठ फुकट गेलं रे. मी डोक्याला हात लावला, हिला पिठाचं पडलंय!

त्यानंतर स्ट्रक्चरल ऑडिट केलं. तेही उशिराच, उपविधीप्रमाणे ३० वर्षांच्या वरच्या बिल्डिंगचं दर तीन वर्षांनी आणि त्याआधी १५ वर्षांपासून दर पाच वर्षांनी व्हायला हवं, आमचं एकदाही नव्हतं झालेलं. इंजिनिअरने पार्किंगमधल्या कॉलमवर हातोडी मारली, बद्द आवाज. मग स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर सळी साट्याच्या करंजीसारखी पापुद्र्यापापुद्र्याने सुटून हातात आली. लोखंड गंजलं की फुगतं आणि बाहेरचं काँक्रीट फोडून बाहेर येतं म्हणाला, त्यात इथला खारा वारा, हा पाऊस आणि त्या काळात खाडीची रेती न धुता वापरायचे. रिपोर्ट आला सी १. म्हणजे खाली करा आणि पाडा.

आता खरी गोष्ट. पाडायची म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, जमीन कोणाची? आम्ही सगळे एका सुरात ‘आपलीच की’. प्रॉपर्टी कार्ड काढलं तर त्यावर जुन्या जमीनमालकाच्या ११ वारसांची नावं, सोसायटीचं नावच नाही. मोफा म्हणजे फ्लॅट मालकीच्या कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदणी झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायचं असतं, त्याने दिलं नाही आणि आम्ही मागितलं नाही. आमच्या हातात अॅग्रीमेंट होतं, लाइटबिल होतं, घरपट्टी भरत होतो, अजून काय पाहिजे असं वाटायचं. बिल्डर गेला, वारसांतले काही ठाण्याला काही परदेशात. शेवटी डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने जमीन नावावर करून घेणं, ही सोय कायद्यात २००८ पासून आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. अर्ज, नोटिसा, सुनावण्या, आदेश, मग स्टॅम्प ड्युटीचं बघा, नोंदणी, सिटी सर्व्हेला नाव लावणं, यात दोन वर्षं गेली. हेच काम १९९५ ला एका सह्यांच्या बैठकीत झालं असतं हो.

आणि बैठकी! पूर्वी रिडेव्हलपमेंटला पाऊण सभासदांची संमती लागायची, २०१९ च्या जीआरने ती ५१ टक्क्यांवर आणली. १६ मध्ये ९. पण बैठकीला दोन तृतीयांश हजर पाहिजेत, म्हणजे ११, आणि इथे राहतो आम्ही पाच. मग पहिली सभा लावली गणपतीत, गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, मोदकांवर झोपलेले चाकरमानी उठवून उठवून आणले. बिल्डर निवडायच्या सभेला उपनिबंधक ऑफिसचा माणूस लागतो, सणाच्या सुट्टीत तो कुठून येणार, ती गेली शिमग्यावर. तिथे एकजण उठून म्हणाले, आमची एक खोली आहे ती असू दे ना, कशाला पाडापाडी. वीस वर्षांत दोनदा आलेत ते त्या खोलीत. मी काही बोललो नाही, त्यांना फक्त परातीतला पोपडा दाखवला, जपून ठेवलाय.

ग्रुपवरच्या आक्षेपांबद्दल. सात मजल्यांनी गावाचा चेहरा बिघडेल म्हणता, तर चिऱ्याची कौलारू घरं आपण ८०-९० च्या दशकातच पाडली, आमची पिंपळवाली बिल्डिंग काय चेहरा सांभाळत होती? वाढीव एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जास्तीचं बांधकाम करायची मुभा, ही पण खिरापत नाही, ३० वर्षांवरच्या बिल्डिंगला यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीतच आहे, जुन्या मंजूर बांधकामाच्या ३० टक्के किंवा फ्लॅटमागे १५ चौरस मीटर, जास्त असेल ते. सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या निर्बंधांचं म्हणाल तर आम्ही भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या बाहेर आहोत, तो फेरा वाचला. पण पाण्याचं जे म्हणताय ते बरोबर आहे. १६ च्या जागी २८ घरं, त्यातही रोज राहणारी, आणि पाणी तेच शीळ धरणाचं, मे महिन्यात काय होतं ते माहितीये सगळ्यांना. यावर माझ्याकडे उत्तर नाही, पावसाचं पाणी बोअरवेलमध्ये सोडतोय एवढंच.

मला भीती वेगळीच आहे. महाडची इमारत आठवते ना, २४ ऑगस्ट २०२०, १६ माणसं गेली. ती कुठे जुनी होती, दहा वर्षांचीही नसेल. नवी म्हणजे चांगली असं काही नाही. आमच्या जुन्या बिल्डिंगला एम १५ काँक्रीट होतं (आकडा जेवढा मोठा तेवढं काँक्रीट मजबूत), तेव्हा ते चालायचं, आणि सळीवर कव्हर, म्हणजे वरचा काँक्रीटचा थर, बोटाच्या पेराएवढंसुद्धा नव्हतं. आता आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावर किमान एम ३० आणि ४५ मिलिमीटर कव्हर. आम्ही ते करारात लिहून घेतलंय, प्रत्येक स्लॅबआधी आमचा इंजिनिअर मोजणार. नवा बिल्डर हसला, म्हणाला टाइल्स कुठल्या ते नाही विचारत तुम्ही. टाइल्सचं बघू नंतर.

आणि बाबांनो, १९९० च्या आसपासच्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर हे वाचून झाल्यावर प्रॉपर्टी कार्डचा उतारा काढा. ऑनलाइन मिळतो.

आम्ही इथेच जवळ नाचणे गावात भाड्याने खोली बघितलीये, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आईचे गुडघे बोलणार. बघायला गेलो तेव्हा घरमालक किचन ट्रॉल्या उघडून दाखवत होते आणि आई आपली ओट्यापाशी उभी राहून वर बघतेय. मग स्टूल मागितलं. चढलो मी, तिने सांगितलं तिथे तिथे छतावर बोटाने टकटक करून बघितलं.