पहिलीच्या पोरांसाठी एमए कशाला?
काल कळव्याला एका साखरपुड्यात मामेसासूबाईंनी जेवता जेवता विचारलंच, अगं डी.एड. झालंय, टीईटी पास आहेस, नोकरी आहे, मग आता बालशिक्षणात एमए कशाला, अ आ ई शिकवायला एवढं काय लागतं? पंगतीत हसले सगळे, मीही हसले, पण रात्री झोप नाही आली बाबा.

खरं सांगते, पहिलीवर 11 वर्षं काढल्यावर कळलं की मला यातलं फार काही येत नव्हतं. आमच्या डी.एड.चा सगळा रोख पहिलीपासून पुढे, शिक्षण हक्काचा आरटीई कायदा पण 6 ते 14 वयाचाच, त्याआधीचं मूल कुणाच्या खिजगणतीत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 3 ते 8 वयाचा एकच पायाभूत टप्पा केला, म्हणजे पहिली-दुसरीच्या आम्ही बायका पण त्यात आलो. आणि तयारी काय, तर बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकेला 6 महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स! सहा महिन्यांत तर मला एक पेपर धड समजला नाही.

त्या पेपरातलंच सांगते. मोठ्या माणसाच्या मनगटात 8 छोटी हाडं असतात, जन्मतः ती सगळी नुसती कूर्चा, मग वर्षावर्षाने एकेक टणक होत जातं. हे वाचलं आणि पोटात गोळाच आला, कारण मुठीत पेन्सिल धरणाऱ्या किती पोरांची बोटं मी दाबून दाबून सरळ केलीयेत. आता वर्गात कणकेचे गोळे आणि कपड्यांचे चिमटे असतात. त्यावर पालक म्हणतात, मॅडम वही कोरी आहे!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं हेच काम सुरू केलं, तेही आपल्याच ठाणे जिल्ह्यात (पालघर 2014 ला वेगळा झाला). आणि आज इथेच नर्सरीत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला महिन्याला 9 हजार मिळतात, शाळेचं नाव नको. ती एमए करेल कशाच्या जिवावर? फी भरायला मलाच भिशी उचलावी लागली.

असो. कुणाकडे लाकडी चिमटे पडून असतील तर सांगा, वर्तकनगर, नौपाड्यात कुठेही येऊन घेऊन जाईन. प्लास्टिकचे पोरं दोन दिवसांत मोडतात.