आता पानं लागणारच!

गेले कित्येक महिने पोकरच्या टेबलावर तुम्ही मार खाताय. मध्यंतरी वैतागून जाणंही बंद केलंत. आता पुन्हा कॅसिनोत जायची उबळ आली आहे, तर उगाच विचार करत बसू नका. इतकं हरल्यावर जिंकायची पाळी तुमचीच, हे शेंबड्या पोरालाही कळेल. १९१३ साली माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटची गोळी सलग २६ वेळा काळ्या घरात पडली. ‘आता लाल येणारच’ म्हणत लोक रकमा वाढवत गेले आणि धुऊन निघाले. तर्क बिनतोड होता, फक्त पैसे सत्ताविसाव्या फेरीपर्यंत पुरले नाहीत.

पूर्वतयारी म्हणून आधी जुन्या हिशेबाची वही फाडून टाका. किती हरलो, कुठल्या डावात हरलो, असल्या नोंदी मनोधैर्य खच्ची करतात. हरलेले डाव पुन्हा तपासण्यात जो वेळ जाईल, त्यात चिप्सच्या (पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांच्या) दोन चळती एका हाताने एकमेकींत सरकवण्याचा सराव करा. टेबलावर बसल्या बसल्या तो टकटक आवाज झाला की समोरचे हबकतात. निदान तुम्हाला तसं वाटतं, आणि आत्मविश्वासाला तेवढं पुरे.

टेबल निवडताना नेहमीपेक्षा मोठ्या रकमेचं निवडा. छोट्या टेबलावर तुम्ही हरलात त्याचं कारण उघड आहे: तिथले लोक अडाणी, तुमच्या रेजला, म्हणजे वाढवलेल्या रकमेला, मान देत नाहीत, कसलीही पानं घेऊन कॉल करतात, म्हणजे तेवढीच रक्कम लावतात. मोठ्या टेबलावर जाणकार बसलेले असतात, त्यांना तुमचे ब्लफ कळतील. (कळतीलच.) वीस-तीस वेळा टेबलावर बसता येईल इतकी रक्कम खेळासाठी वेगळी काढलेली असावी, असं अनुभवी खेळाडू सांगतात. त्यांना हरायची भीती असते. तुम्ही एकदाच बसण्यापुरते पैसे घेऊन जा.

आता प्रत्यक्ष खेळ. माणसाच्या हाताने पत्ते पिसून वाटायचे म्हटल्यावर तासाला जेमतेम पंचवीस-तीस डाव होतात. आपल्याला वाटलेली दोन्ही पानं एक्के असायची शक्यता २२१ डावांत एकदा, म्हणजे सात-आठ तासांच्या बैठकीत सरासरी एकदा. बाकी वेळ काय करायचं? शहाणी माणसं पानं टाकून देतात आणि बाकीच्यांचा खेळ बघत बसतात. तुम्ही बघायला आला आहात का? सत्ती-दुर्री आली तरी खेळा. मागे एकदा ती टाकलीत आणि फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, दोन सत्त्या आल्या, हे तुम्ही अजून विसरलेला नाही.

समजा, तुम्हाला दोन काळे राजे आले. तुम्ही रेज केलंत, कोपऱ्यातल्या एका गृहस्थांनी कॉल केला. हे गृहस्थ गेले दोन तास एकही डाव खेळलेले नाहीत, नुसते पाणी पिताहेत. फ्लॉप: बदामची राणी, बदामची अठ्ठी, चौकटची पंजी. तुम्ही पैसे लावले, त्यांनी कॉल केला. टर्नला, म्हणजे चौथं पान, किलवरची तिर्री, पुन्हा तेच. रिव्हरला, म्हणजे पाचवं आणि शेवटचं पान, बदामची दुर्री. गृहस्थांनी पाण्याची बाटली खाली ठेवली आणि सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या.

इथे घाबरट माणूस राजे टाकून देईल. तुम्ही मात्र त्यांच्या डोळ्यांत बघा, एक सुस्कारा सोडा, ‘बदाम असतीलच तुमच्याकडे’ असं मोठ्याने म्हणा आणि कॉल करा. आपल्याला कळलं होतं हे सगळ्यांना कळणं महत्त्वाचं. ते बदामचा एक्का आणि दश्शी दाखवतील, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, तुमच्या राजांच्या जोडीपेक्षा भारी. एक पान उरलेलं असताना रंग जुळायची शक्यता साधारण पाचात एकदा, आणि ती एकदा नेमकी तुमच्याच राशीला! ही कहाणी डीलरला, शेजाऱ्याला आणि घरी फोनवर, अशी तिघांना तरी ऐकवा. ऐकवताना बदामच्या दुर्रीपाशी थांबा. नंतरचा कॉल कुणी केला, हा तपशील रटाळ आहे.

कॅसिनो दर पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, आपला वाटा काढून घेतो, त्यामुळे सारख्याच अकलेचे नऊ जण रात्रभर खेळले तर सगळे मिळून हरूनच उठतात. पण हा हिशेब सारख्या अकलेच्या लोकांचा झाला, तुम्ही तो मनाला लावून घेऊ नका.

इतके हरलो की उठायचं, असा आकडा मात्र घरून निघतानाच ठरवून जा. नाहीतर ओलांडणार काय? तो ओलांडल्यावर एटीएमकडे जाताना चाल सावकाश ठेवा, टेबलावरचे बघत असतात. परत आल्यावर जागा बदलून मागा. एवढे महिने दोष तुमच्या खेळात नव्हता, तेव्हा तो खुर्चीतच असणार.

आणि समजा, पहाटेपर्यंत ढीगभर चिप्स तुमच्यापुढे साचल्या, तर नशिबाचं नाव चुकूनही काढू नका. ते सगळं तुमचं कौशल्य. पुढच्या आठवड्यात याहून मोठं टेबल बघा.