बिबट्या लांब सोडून आल्यानं धोका जात नाही

मामेभावानं घरच्या ग्रुपवर तो फिरता मेसेज टाकला: ‘जंगलं संपली म्हणून बिबटे गावात शिरले, वनखातंच रात्री गाडीतून बिबटे आणून सोडतं, पिल्लं दिसली की उचलून द्या आणि एकूण एक बिबट्या धरून लांबच्या जंगलात सोडा.’ त्याचा मळा उसाचा, घरात लहान लेकरं. जुन्नर-शिरूरकडे माणसं गेली आहेत, त्याची भीती खरीच आहे. म्हणून तर अशा माणसाच्या हातात असलं काही पडलं की संताप होतो.

आधी शेवटची मागणी घेतो, कारण तीच जीवघेणी आहे. हे जुन्नरला करून झालंय. वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी २०११ साली त्याचा हिशोब मांडला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे धरून दुसरीकडे सोडायचा सपाटा लागला आणि २००१ ते २००३ मध्ये ते वर्षाला १७ वर गेले! धरलेलं जनावर अनोळखी मुलखात बिथरतं, आणि इथली रिकामी जागा दुसरा बिबट्या धरतो. शिवाय सोडलं तिथं ते राहतं थोडंच? २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ माळशेज घाटात सोडला, तर गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यासकट सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला.

पिल्लांचंही तेच. ऊसतोडीत ती पाचटात सापडतात. ती घरी नेऊ नका, हाताळू नका, वनरक्षकाला बोलवा. ते लोक संध्याकाळी त्याच फडात क्रेटमध्ये पिल्लं ठेवतात आणि बहुतेक वेळा रात्रीतून आई तोंडात धरून घेऊन जाते. पिल्लं गायब झाली तर तीच मादी वस्तीभोवती घिरट्या घालणार.

‘वनखातं आणून सोडतं’ यात अर्धं खरं आहे, मान्य करतो. जुन्नरला तेव्हा धरलेले बिबटे दुसऱ्यांच्या शिवारालगत सोडलेच होते. पण मेसेजवाले मागतायत तेही तेच ना?

जंगलतोड वाईटच. पण नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, जिथं चौरस किलोमीटरला ३०० वर माणसं राहतात, तिथं शेतीच्या मुलखात १०० चौरस किलोमीटरला ५ च्या आसपास मोठे बिबटे निघाले. ते कुत्री-शेळ्यांवर जगतात, उसातच वितात. त्यांना परत पाठवायचं जंगल कुठलं?

निवेदन द्यायचंच असेल तर पाणी भरायला दिवसा वीज आणि बंदिस्त गोठ्याला अनुदान मागा. सही मी पहिली करतो.