वाइन चाखणं म्हणजे नुसती शायनिंग? मेसेजमधला एकेक मुद्दा

आमच्या वरुड-मोर्शी पट्ट्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: वाइन चाखणं म्हणजे नुसती शायनिंग. फ्रान्समध्ये पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग टाकला तर एक्स्पर्टही फसले. परीक्षक एकाच वाइनला दर वेळी वेगळे मार्क देतात. महाग-स्वस्त सगळं सारखंच. जिभेच्या ठरावीक जागी ठरावीक चवी कळतात, बाकी ‘फळांचे वास’ मनाचे खेळ. सावजीची तर्री ओरपणाऱ्या आपल्याला तर काहीच कळणार नाही. वर शेवटी सल्लाही: घ्यायचीच तर रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवू नका, रूम टेंपरेचरलाच घ्या.

यात बऱ्याच गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणून तर पटतात.

रंगाचा प्रयोग खराच झाला. बोर्दोमध्ये, 2001 साली तो प्रसिद्ध झाला. पण ते 54 जण मुरलेले एक्स्पर्ट नव्हते, वाइनशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांना ‘ही लाल की पांढरी?’ असं कुणी विचारलंच नव्हतं. वासाच्या शब्दांची यादी देऊन कोणता शब्द कोणत्या ग्लासाला जास्त लागू पडतो ते निवडायला सांगितलं होतं. समोर लाल दिसल्यावर त्यांनी लाल वाइनचे शब्द निवडले. डोळा नाकाला ओढून नेतो, एवढं यातून सिद्ध होतं. नाक निकामी असतं, हे होत नाही. ही खोड धंद्यातल्यांना चांगली ठाऊक आहे, म्हणून काही चाचण्यांत काळे ग्लास वापरतात.

परीक्षकांचा मुद्दा मला मान्य आहे. कॅलिफोर्नियाच्या एका वाइन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन या वाइन उत्पादकाने एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली. 2008 साली निकाल छापून आले, आणि दहापैकी साधारण एकच परीक्षक मार्कांत सातत्य ठेवू शकला होता. बाटलीवरच्या पदकावर जाऊ नये, हे खरंच. पण आपल्याकडचा कापसाचा व्यापारी चिमूट ओढून धाग्याची लांबी सांगतो, आणि दिवसभर गाड्यांमागून गाड्या पाहिल्यावर संध्याकाळी चुकतोही. म्हणून लांब आणि आखूड धाग्यात फरकच नसतो, असं जिनिंगवर कुणी म्हणेल का?

किमतीचं तर मेसेजवाल्याने अर्धंच वाचलं. 2008 सालच्याच एका अभ्यासात लेबल झाकून सहा हजारांवर चाचण्या घेतल्या. वाइन चाखायचं शिक्षण न घेतलेल्यांना महाग वाइन किंचित कमीच आवडली. ते घेतलेल्यांच्या बाबतीत मात्र उलटी चिन्हं दिसली. शिकण्याने काहीतरी बदलतं ते असं. बाकी पैसे वाचवायला शिकण्याची गरज नाही, स्वस्तातली आवडली तर तीच घ्यावी.

जिभेचा नकाशा शाळेत आपणही काढला असेल. 1901 सालच्या एका जर्मन प्रयोगात निघालेले बारीक फरक पुढे आलेखात फुगले, आणि तो नकाशा जन्मला. खरं तर सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. आणि ‘फळांचे वास’ जिभेचं काम नाहीच. घोट तोंडात असताना वास घशामागून नाकात चढतो. नाक चिमटीत धरून संत्र्याची फोड खा, नुसतं गोड-आंबट लागेल. नाक सोडा, संत्रं परत येईल. मनाचे खेळ म्हणावेत तर खराब बुचामुळे येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास घ्या. तो आणणारं रसायन लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी सरावलेलं नाक ते पकडतं.

वर्णनासाठी परदेशी फळांची नावं घोकायचीही गरज नाही. जांभूळ, कवठ, बोर, ओला मोह, जे नाकात आधीपासून आहे तेच म्हणावं.

आता तर्री. मिरचीचा जाळ ही चव नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन हे रसायन तोंडातल्या उष्णता आणि वेदना टिपणाऱ्या ग्राहींना (रिसेप्टर्सना) चेतवतं. त्याने चव मरत नाही. मात्र तोंड भाजत असताना वाइनमधलं अल्कोहोल अजून जाळतं आणि तुरटपणा बोचतो. म्हणून सावजीआधी चाखावी, नंतर नाही. संपला प्रश्न.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक. रेड वाइनचं ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे थंड देशातल्या खोलीचं, साधारण 16 ते 18 अंश. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45 असतं, आणि तापलेल्या खोलीत ठेवलेल्या बाटलीतून नुसतं अल्कोहोल नाकात शिरतं. दीड-दोन तास खुशाल फ्रिजमध्ये ठेवा.

नवख्याने चार गोष्टी पाहाव्यात. तोंडाला किती पाणी सुटलं तो आंबटपणा, हिरड्या किती कोरड्या पडल्या तो तुरटपणा, घशात किती ऊब ते अल्कोहोल, आणि घोट गेल्यावर (किंवा थुंकल्यावर, शिकताना थुंकणंच बरं) चव किती वेळ टिकते. सरावाला बाटली लागतेच असं नाही, वर्धा-गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे. तुरटपणासाठी कडक कोरा चहा घ्या, आंबटपणासाठी लिंबूपाणी. तीन ग्लास भरा, दोन अगदी सारखे, तिसऱ्यात लिंबू जरा जास्त. दुसऱ्याने जागा बदलायच्या, आपण वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने सलग तीनदा बरोबर येण्याची शक्यता 27 मध्ये 1. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी आधी एवढं करून पाहावं.