छप्पर घोड्यांसाठी नव्हतं

अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या छपराच्या लाकडी पुलांचे फोटो एका ठरावीक मजकुरासह फिरत असतात: "खालचं पाणी पाहून घोडे बुजू नयेत म्हणून पूल झाकत. शिवाय छपराने पूल मजबूत होई, आणि आत बर्फ साचत नसे." वाचायला गोड आहे. पण त्यात पूल बांधणाऱ्या सुतारांची अक्कल पुसली जाते, याचं मला वाईट वाटतं.

आधी घोडे. पाणी दिसू नये एवढंच हवं असतं, तर दोन्ही बाजूंना उंच फळ्या ठोकून भागलं असतं. वर छप्पर घालायचा खर्च कशाला? व्हर्माँट आणि न्यू हॅम्पशायर यांना जोडणाऱ्या कॉर्निश-विंडसर पुलावर घोड्यांबद्दल पाटी आहे खरी, पण ती सांगते की घोडे चालवत न्या, नाहीतर २ डॉलर दंड. धास्ती होती ती घोडे दौडवल्याने पुलाला बसणाऱ्या हादऱ्यांची.

छपराचं खरं कारण पाऊस. पुलाचा भार दोन्ही बाजूंच्या जाड लाकडं एकमेकांना जोडून केलेले सांगाडे, म्हणजे कैच्या, पेलतात, आणि कैचीचा सगळा जीव तिच्या सांध्यांत असतो. सांध्यात पाणी मुरलं की लवकर वाळत नाही. बुरशी धरते, लाकूड आतून कुजतं आणि बाहेरून पत्ता लागत नाही. उघडा लाकडी पूल १०-१५ वर्षांत खिळखिळा होई. झाकलेला, नीट राखला तर, शंभरी ओलांडतो. १८६६ सालचा, सुमारे १३७ मीटर लांबीचा कॉर्निश-विंडसर आजही मोटारींचं ओझं वाहतो आहे. फिलाडेल्फियात स्कूलकिल नदीवर टिमोथी पामर यांनी बांधलेला पूल १८०५ मध्ये खुला झाला. तो झाकायचा आग्रह पूल कंपनीचे अध्यक्ष न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी धरला, तोही लाकूड टिकावं म्हणूनच. आयोवातल्या मॅडिसन काउंटीचा हिशेब तर अगदी घरगुती होता: छपराच्या आणि बाजूच्या फळ्या बदलणं स्वस्त, खालची मोठी लाकडं बदलणं महाग. कोकणात ज्याने पावसाने कुजलेल्या साकवाची लाकडं बदलली आहेत, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मजबुतीचं म्हणणं अर्धंच खरं. छपराखालच्या तिरक्या आधारांमुळे पूल वाऱ्यात कमी डुलतो. पण तसे आधार छपराशिवायही देता येतात, आणि छपराचं स्वतःचं वजन त्याच कैच्यांवर पडतं.

राहिला बर्फ. हिवाळ्यात तिथली वाहतूक बर्फावरून घसरणाऱ्या स्लेजगाड्यांनी चाले, आणि कोरड्या फळ्यांवर स्लेज अडकून बसे. म्हणून गावं माणसं लावून, त्यांना मजुरी देऊन, बाहेरचा बर्फ फावड्यांनी पुलाच्या आत पसरून घेत.