‘हर्बल’ पुडीत गांजा नसतो

“स्पाइस, के-टू म्हणजे गांजाच, फक्त प्रयोगशाळेत बनवलेला. गांजा ओढून कुणी मेल्याचं ऐकलंय का? शिवाय माल हर्बल, शुद्ध, आणि लघवीच्या चाचणीत सापडत नाही.” या अर्थाचा मजकूर सतत फिरत असतो. (स्पाइस, के-टू ही कृत्रिम कॅनाबिनॉइड नावाची रसायनं मारलेल्या पुड्यांची बाजारातली नावं.) त्यातलं शेवटचं वाक्य बरंचसं खरं आहे, आणि नेमकं तेच रुग्णाला महागात पडतं.

“गांजाच आहे.” पुडीतला पाला सहसा भांगेच्या झाडाचा नसतोच. कुठल्याही सुक्या पाल्यावर रसायन फवारलेलं असतं. त्याला ‘कॅनाबिनॉइड’ म्हणतात ते झाडातून येतं म्हणून नाही, तर गांजातलं टीएचसी (नशा आणणारं मुख्य रसायन) मेंदूतल्या ज्या सीबी-१ ग्राहींना (रिसेप्टर्सना) चिकटतं, त्यांनाच तेही चिकटतं म्हणून. फरकही तिथेच आहे. टीएचसी या ग्राहींना अर्धवटच चालना देतं, त्यामुळे त्याच्या परिणामाला कुठेतरी मर्यादा पडते. कृत्रिम रसायनं बहुतेक पूर्ण चालना देतात, तीही कितीतरी कमी मात्रेत. शिवाय गांजात थोडंफार सीबीडी हे नशा न आणणारं रसायन असतं, ते टीएचसीचा जोर काहीसा कमी करतं असं मानतात. पुडीत तेही नाही.

२००८ मध्ये जर्मनीत ‘स्पाइस’मध्ये जेडब्ल्यूएच-०१८ सापडलं. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन यांनी ते ग्राहींच्या अभ्यासासाठी तयार केलं होतं, माणसांना ओढायला नव्हे. त्यावर बंदी आली की रेणूत थोडा बदल करून नवं रसायन बाजारात येतं. म्हणजे कालच्या आणि आजच्या पुडीत एकच माल असेल, याची खात्री विकणाऱ्यालाही नसते.

“कुणी मरत नाही.” निव्वळ गांजाच्या अतिमात्रेनं मृत्यू फारच विरळा, हे खरं. पण तो दाखला इथे चालत नाही. कृत्रिम रसायनांनी झटके (फिट), हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यूही झालेत. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सहा राज्यांत १६ जणांची मूत्रपिंडं अचानक बिघडल्याची नोंद आहे. साध्या गांजाबाबत हे सहसा ऐकू येत नाही. जुलै २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एकाच दिवशी ३३ जण सुन्न, भान हरपलेल्या अवस्थेत आढळले. त्यांनी ओढलेलं रसायन (एएमबी-फुबिनाका) टीएचसीच्या सुमारे ८५ पट प्रबळ होतं. (गांजाला हे प्रशस्तिपत्र नव्हे. सायकोसिस (भास-भ्रम होणारा मानसिक विकार), व्यसन आणि ओढून गाडी चालवण्याचा धोका गांजातही आहेच.)

“शुद्ध आहे.” द्रावण पाल्यावर सारखं बसत नाही. एका चिमटीत काहीच नाही आणि त्याच पुडीतल्या दुसऱ्या चिमटीत अनेक पट मात्रा, असं होतं. ‘मागच्या वेळी एवढीच ओढली होती’ हा हिशेब म्हणूनच फसतो. भेसळ वेगळीच: २०१८ मध्ये इलिनॉय राज्यात अशा मालात ब्रोडिफाकूम, म्हणजे उंदीर मारायचं विष, निघालं. दीडशेहून अधिक जणांना नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागलं आणि काही दगावले. हे विष शरीरात इतकं टिकतं की व्हिटॅमिन के-१ कित्येक महिने घ्यावं लागतं.

“चाचणीत सापडत नाही.” नेहमीची पट्टी टीएचसीचे अवशेष शोधते, हे रेणू तिला दिसत नाहीत. अहवाल ‘निगेटिव्ह’ आला की डॉक्टर दुसरीच कारणं शोधत बसतात. म्हणून काय ओढलंय ते स्पष्ट सांगा, उरलेली पुडी किंवा व्हेप सोबत न्या. यावर उतारा नाही. झटक्यांना लोराझेपाम किंवा डायझेपाम, सलाइन, ईसीजी, आणि रक्तातल्या क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं)-पोटॅशियमवर लक्ष, एवढंच हाती असतं. माणूस बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी किंवा लिंबू घालू नका, १०८ ला फोन करा. शुद्धीवर आला तरी पुढच्या काही दिवसांत उलट्या, कमरेत कळा किंवा लघवी कमी झाली तर क्रिएटिनिन पुन्हा तपासा. सोडायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. रोज ओढणाऱ्यानं मात्र एकदम एकट्यानं बंद करू नये. सोडतानाही झटके येऊ शकतात.